सावरीचा दांडा

सावरीच्या लाकडाला आमच्या कारखान्यात काडीची किंमत नव्हती. काडीची म्हणजे अगदी शब्दशः, कारण त्याच्या काडेपेटीच्या काड्याच होतात. पांढरट, भुसभुशीत, नखाने दाबलं तरी खड्डा पडतो. कुणी चुकून सावरीची फळी आणून टाकली की बाबा म्हणायचे, "हिचा कापूस उशीत भरतात, आता लाकूडही भर म्हणावं. झोप तरी लागेल."

आणि त्याच सावरीचा दांडा मी बाबांसाठी केला. सांगते, पण मधे बोलू नका, मला मग तोल राहत नाही.

आम्ही दांडे करणारे लोक. घराच्या खालीच लांबट खोली आहे, तिला आम्ही कारखाना म्हणतो. त्यात लेथ, करवत, पॉलिशचं चाक, आणि पाय ठेवाल तिथे भुसा. हातोडीचे दांडे, पटाशीच्या मुठी, कढयांचे कान, दारांची हँडल, छत्र्यांचे आकडे, जे जे माणूस हातात धरतो ते सगळं आमच्याकडे होतं. लोकांना वाटतं, दांड्यात काय एवढं? असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. अहो, हातोडीला लोखंडी दांडा लावून बघा, संध्याकाळपर्यंत कोपर हातात येईल. लाकूड तो दणका स्वतः पिऊन टाकतं, लोखंड तो जसाच्या तसा तुमच्या हाडात पोचवतं. कढईला लाकडी कान लावला तर जळतो, अ‍ॅल्युमिनियमचा लावला तर तुम्ही जळता, म्हणून तिथे काळं टणक प्लॅस्टिक. वायरमनच्या पेचकसाची मूठ प्लॅस्टिकची नसेल तर वायरमन घरी परत येत नाही. बाबा म्हणायचे, वस्तू बनवणारा एक आणि धरणारा एक, आणि आपण दोघांच्या मधले. आपण चुकलो तर दोघांचं भांडण.

बाबांचा एक खेळ होता. जुने दांडे दुरुस्तीला यायचे ना, ते आधी वाचायचे. लाकडी दांड्याला आम्ही कधी पॉलिश करत नाही. कोराच देतो, नुसता घासून. वापरणाऱ्याच्या हाताचं तेल, घाम त्यात मुरतो आणि जिथे हात पडतो तिथे काळसर, गुळगुळीत डाग होतो. त्याला आमच्यात 'बैठक' म्हणतात. दांड्याला बैठक पडली म्हणजे तो त्या माणसाचा झाला. बाबा खिडकीशी उभे राहून दांडा फिरवत सांगायचे, "हा गडी हातोडी पार वर धरतो, घाबरट आहे. हा बघ, शेवटाला धरतो, कामाचा आहे. आणि हा? याला बैठकच नाही. याने हातोडी फक्त भिंतीला टांगलीय." मग ते गिऱ्हाईक यायचं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत हसू दाबायचो. माझ्या दादाने कारखाना सोडून प्लॅस्टिकच्या फॅक्टरीत साचे करायची नोकरी धरली, तेव्हा बाबांना राग आला तो यावरूनच. "तुझ्या प्लॅस्टिकला आठवण नसते रे," ते दादाला म्हणायचे. "शंभर हात लागू देत, फडकं मारलं की कोरंच्या कोरं. कसलं नातं त्याच्याशी?" दादा म्हणायचा, "म्हणूनच तर दवाखान्यात तेच लागतं, बाबा." मग दोघांची जुंपायची आणि आईने ताटं आपटली की थांबायची.

आणि मी. मी डावखुरी. घरात मला सगळे डावरीच म्हणतात, खरं नाव शाळेतच राहिलं. मी कामाला लागले तेव्हा बाबांनी माझ्यासाठी सगळ्या हत्यारांच्या मुठी उलट्या करून दिल्या. माझी हत्यारं दुसऱ्या कुणाच्या हातात बसत नाहीत. "बरं आहे," बाबा म्हणायचे, "चोरीला जायची भीती नाही."

तर, आधी बाबांच्या हातून पटाशी पडली. पटाशी पडते हो कधीतरी. मग बरणीचं झाकण उघडेना. मग शर्टाची बटणं आई लावायला लागली. दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाबांना बोट दाबायला सांगितलं, ढकलायला सांगितलं, कसल्या कसल्या सुया लावल्या, आणि शेवटी समोर बसवून सांगितलं की स्नायू झिजत जाणार. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. औषधाने वेग जरा कमी होईल, थांबणार नाही.  मी तिथेच हंबरडा फोडला, आणि आई माझी पाठ चोळत म्हणत राहिली, "सावर गं बाई, सावर." बाबांनी विचारलं ते एवढंच, "जेवता येईल का माझं मला?"

"काही काळ," बाई म्हणाल्या.

घरी येताना रिक्षात बाबा म्हणाले, "ऐका सगळे. बाकी काय करायचं ते करा. आंघोळ घाला, कपडे घाला, लाज मी गुंडाळून ठेवतो. पण माझा घास मी घेणार. ज्या दिवशी मला कुणी भरवेल, त्या दिवशी समजा मी गेलो. पुढचं सगळं नुसतं वाट बघणं."

आई "असलं काही बोलू नका हो" म्हणाली.  माझ्या डोक्यात तेव्हाच चमच्याचा दांडा फिरायला लागला होता. आमच्यासारख्यांची हीच खोड आहे. माणसाला काही झालं की आम्ही वस्तू दुरुस्त करायला घेतो.

पहिला चमचा मी स्टीलचाच घेतला आणि दांडा जाड केला, कारण दुबळ्या हाताला बारीक वस्तू धरवत नाही, जाड धरवते. पण जाड स्टील म्हणजे वजन. चमचा तोंडापर्यंत पोचेपर्यंत बाबांचा हात थरथरायचा आणि सूप पोटावर. मग अ‍ॅल्युमिनियमची नळी केली. हलकी झाली, वा! पण ऊन सूपात दोनदा बुडवली की दांडा हातात धरवेना, आणि बोटं काळी व्हायची ती वेगळीच. बाबा म्हणाले, "हा चमचा नाही, इस्त्री आहे." पितळेचा विचार मी केला नाही, पितळ म्हणजे वरवंटाच हातात द्यायचा.

दादाने फॅक्टरीतून प्लॅस्टिकची मूठ आणली, आतून पोकळ, अगदी हवेसारखी. दिसायला देखणी. पण ओल्या हातात ती साबणासारखी सुळकन निसटायची. मग त्याने वरून स्पंजासारख्या रबराची सालं चढवली, तर ती पाणी पिऊन जड व्हायची आणि वास मारायची. नंतर त्याने एक वेगळंच प्लॅस्टिक आणलं. ऊन पाण्यात मऊ होतं, तेवढ्यात मुठीत दाबून धरायचं, गार झालं की मुठीचा ठसा तसाच राहतो. बाबांची मूठ त्यात इतकी नेमकी उमटली की आम्ही तिघं टाळ्या वाजवायला लागलो. पण हात झिजतच होता. महिनाभरात ठशात आणि हातात फट पडली. बाबांची स्वतःची मूठ त्यांनाच सैल व्हायला लागली. दादाने तो तुकडा खिशात घातला आणि त्या दिवशी तो चहा न घेताच निघून गेला.

सागवान जड. शिसवीचं नावच नको. मी चिडले होते, लाकडावर, हातावर, देवावर, समोर येईल त्याच्यावर. एक दिवस लेथखाली कधीपासून पाचर म्हणून सरकवलेला लाकडाचा ठोकळा पायाला लागला. रागाने लाथ मारायला गेले, तर तो सरपटत पार भिंतीपर्यंत गेला. काही वजनच नव्हतं त्याला. उचलून बघते तर सावर. वर्षानुवर्षं कोरड्यात पडून खडखडीत झालेली. आईचं "सावर गं" आठवलं आणि रडायच्या ऐवजी मला हसूच आलं.

सावर एकटी चमच्याचा भार घेणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून दांड्याच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमची बारीक नळी घातली, ती कणा म्हणून. चमच्याची वाटी दादाकडून करून घेतली, मऊसर प्लॅस्टिकची, म्हणजे चटका बसणार नाही, दातांवर आपटली तरी दुखणार नाही. आणि वरून सावरीचा लांबट गोल दांडा, दोन्ही बाजूंनी सारखा. थोडा खरखरीत ठेवला, निसटू नये म्हणून. बाबांनी तो बघितला आणि म्हणाले, "सावर? दांड्याला सावर? बाहेर सांगू नकोस गं, धंदा बसेल." मग हातात घेतला, आणि दोनदा वर-खाली करून बघितला. त्या दांड्याचं ओझं होतच नव्हतं. सूपाची अख्खी वाटी त्यांनी आमच्यासमोर संपवली, एक थेंब न सांडता. आई पदर डोळ्यांना लावून हसत होती. मी विचारलं, "खाण्याच्या कामाचं आहे, वरून जरा तेल लावू?" बाबा म्हणाले, "काही लावायचं नाही. नागडाच राहू दे. बैठक पडू दे त्याला."

त्यानंतर मला झोप यायला लागली. खरंच सांगते, डॉक्टरीणबाईंकडून आल्यापासून मी रात्रभर छताकडे बघत पडायची. आता उशीला डोकं टेकलं की डोळा लागायचा. आजार होता तिथेच होता, मला कळत नव्हतं असं नाही. पण बाबा आपल्या हाताने जेवत होते. तेवढ्यावर मी तरत होते.

थोड्या दिवसांनी बाबा म्हणाले, "तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसता, मला घास जात नाही. मी काय सर्कशीतला आहे का? जेवताना मला एकटं सोडा." बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून दुपारी आई ताट घेऊन वर खोलीत जायची, दार लोटून घ्यायची, आणि मी खाली लेथवर. ताट परत यायचं ते रिकामं, चमचा धुऊन पुसून. "जेवले?" "जेवले. आज दोनदा भात घेतला." मी लेथवर शीळ घालायची.

मग एकदा दुपारी, जेवणाच्या जरा आधी, बाबांना खुर्चीत बसवताना त्यांचं मनगट माझ्या हातात आलं. नुसतं हाड. म्हटलं, दांडा आता जाड पडत असेल, जरा बारीक करून देऊ. त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावरचा चमचा उचलून खाली घेऊन गेले, लेथ चालू केलं, आणि खिडकीशी उभी राहून दांडा फिरवला. काही विचार करून नाही हो. दांडा हातात आला की माझा अंगठा आपोआप बैठक शोधतो, जन्माची सवय.

बैठक नव्हती.

सावरीसारखं लाकूड, ज्याला नुसतं तेलकट बोट लागलं तरी डाग पडतो, ते लेथवरून उतरलं त्या दिवशी होतं जवळजवळ तितकंच पांढरं होतं. वाटीकडच्या टोकाला धुण्याच्या पाण्याची जरा पिवळट रेघ होती. बाकी कोरा. माझ्या तोंडून बाबांचंच वाक्य निघालं, "याला बैठकच नाही." आणि मग ते मला ऐकू आलं.

लेथ तसंच फिरत सोडून मी जिना चढले. जेवणाची वेळ होती. दार लोटलेलं होतं, पण आमच्या दाराचं लाकूड फुगलेलं आहे, ते पूर्ण कधीच बसत नाही. फटीतून दिसलं. आई खुर्चीसमोर स्टूलवर बसली होती आणि नेहमीच्या स्टीलच्या छोट्या चमच्याने बाबांना भात भरवत होती. बाबांचे दोन्ही हात मांडीवर, तळवे वर करून, कुणीतरी आणून ठेवल्यासारखे पडले होते. तोंड पुसायला आई थांबली तेव्हा ते म्हणाले, "खाली लेथ चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग ठीक. ते बंद झालं की सांग."

"अहो, किती दिवस हे असं? सांगून टाकू तिला. माझ्याच्याने खोटं बोलवत नाही."

"नको," बाबा म्हणाले. त्यांचं बोलणंही तेव्हा जड व्हायला लागलं होतं, एकेक शब्द ओढून आणायचे. "चमचा जमला म्हणून पोर झोपतेय. झोपू दे की."

मला असा संताप आला, असा संताप! वाटलं दार लाथेने उघडावं आणि म्हणावं, काय नाटक चालवलंय हे माझ्याच घरात? मी इथे शीळ घालतेय आणि तुम्ही? आणि तू गं आई, दोनदा भात घेतला म्हणे! पण तेवढ्यात रिक्षातलं बोलणं आठवलं. ज्या दिवशी मला कुणी भरवेल त्या दिवशी समजा मी गेलो. म्हणजे तो दिवस येऊन गेला होता, आणि त्यांनी तो मला कळूसुद्धा दिला नव्हता. स्वतःचं जाणं त्यांनी जिन्याच्या वरच्या बाजूला लपवून ठेवलं होतं, माझ्या लेथचा आवाज ऐकत.

मी पाय न वाजवता खाली आले. लेथ बंद केलं नाही, केलं असतं तर त्यांना कळलं असतं. त्याच्या आवाजात मनसोक्त रडून घेतलं. भुशाने डोळे चुरचुरत होते ते वेगळंच.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. बाबांसारखा माणूस, उभ्या गावाचे दांडे वाचणारा, आणि स्वतःच्या दांड्याचं विसरला! कधी ना कधी त्यांच्या ध्यानात येणारच की हा कोरा दांडा डावरीच्या हातात गेला तर ती वाचणार. मग त्यांना कळणार की मला कळलं. मग हे सगळं करून मिळवलं काय? नाही. त्यांना वाटत होतं ना की मी फसलेय, तर वाटू दे. मी ठरवलं, दांड्याला बैठक पाडायची.

काळं तेल चोळून चालत नाही, ते बाबांना मैलावरून कळलं असतं. बैठक हातानेच पडते. म्हणून आईने ताट खाली आणलं की मी "चमचा मी धुते" म्हणून घ्यायची आणि माझं जेवण त्याच चमच्याने जेवायची. चहा त्यानेच ढवळायची. कारखान्यात खिशात ठेवायची, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालताना मुठीत दाबून धरायची. रात्री उशाशी घेऊन पडायची, कारण झोप परत पळाली होती, ते वेगळं सांगायला नको. हळूहळू सावर पिवळी पडली, मग तांबूस, मग अंगठ्याखाली तो ओळखीचा काळसर, गुळगुळीत डाग आला. सुरेख बैठक पडली होती. कुणीही शपथेवर सांगितलं असतं की हा चमचा कुणीतरी रोज, दोन वेळा, जीव तोडून वापरतंय.

मी तो पुन्हा बाबांच्या कट्ट्यावर ठेवला. मनात म्हटलं, आता बघा हवं तितकं.

रविवारी सकाळी दादा आला होता. आई आत काहीतरी मऊ शिजवत होती. बाबा खिडकीशी खुर्चीत, ऊन अंगावर घेत. मान एका बाजूला कलायला लागली होती, तिला उशी लावलेली. दादा त्यांना फॅक्टरीतलं काहीतरी सांगत होता. मधेच बाबा म्हणाले, "डावरे, तो चमचा दाखव."

"कशाला? खायचंय?"

"दाखव गं."

मी चमचा त्यांच्या डोळ्यांसमोर उजेडात धरला.

"फिरव."

मी फिरवला, सावकाश, ते फिरवायचे तसा. बाबांचे डोळे दांड्यावरून सरकत होते. तेवढंच त्यांच्यात धड उरलं होतं, डोळे. दादाही बघायला लागला. त्याला वाटलं, जुना खेळ चाललाय.

"वाचतो," बाबा म्हणाले. "हा माणूस चिडका आहे. दाबून धरतो, उगाचच. एवढं दाबायची गरज नाही, चमचा पळून जात नाही."

दादा हसला. मीही हसले, कारण बाबा तसे चिडके होतेच.

"घामट हात. काळजी करणारा आहे." ते दम घ्यायला थांबले. "झोपत नाही. दांडा बोटांनी चोळत पडतो. हे बघ, खालच्या टोकालासुद्धा चकाकी आहे. जेवताना तिथे कुणाचं बोट जातं?"

मी म्हटलं, "पुरे आता, दमाल."

"थांब. एक राहिलं." त्यांनी परत श्वास घेतला. "अंगठा उजव्या बाजूला आहे."

मी दांड्याकडे बघितलं. वाटी वर, दांडा माझ्याकडे. उजव्या हाताने चमचा धरणाऱ्याचा अंगठा डावीकडे पडतो. बैठक उजवीकडे होती. एवढी देखणी, एवढी मन लावून पाडलेली, आणि पाडताना मला एकदाही, एकदाही सुचलं नव्हतं की मी कुठल्या हाताने जेवते.

"आयुष्यभर उजव्या हाताने जेवलो," बाबा म्हणाले, "आणि मरताना डावखुरा झालो. कमाल आहे."

 दादा माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत होता, त्याला काही कळेना. आई दारात बाउल घेऊन उभी होती, तिला सगळं कळलं होतं. मी म्हटलं, "बाबा, मी..." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना हात नव्हता. मी माझ्या ओढणीने पुसलं. पुसता पुसता माझंच त्यांच्या गालावर पडत होतं.

"गाढव मीच," ते म्हणाले. "तेल लाव म्हणालो असतो तर दोघंही सुटलो असतो."

"मला सांगायचं होतं हो," मी म्हणाले. "मी काय परकी होते?"

"तू झोपत होतीस."

  खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्या पालथ्या पडलेल्या हातांवर होतं. मी तळवे सरळ करून मांडीवर नीट ठेवले.

मग बाबा म्हणाले, "बाउल आण गं इकडे. भूक लागलीय." आई पुढे आली तशी त्यांनी डोळ्यांनीच तिला थांबवलं. "तू नको. डावरी भरवेल."

मी सावरीचा चमचा उजव्या हातात घेतला. काय माहीत का, वाटलं, निदान आता तरी नीट करावं, रीतसर. हात लटपटला आणि भात त्यांच्या हनुवटीवर.

"डाव्याने," ते म्हणाले. "उजवा तुझा कुचकामी आहे. मलाच माहीत."

मी चमचा डाव्या हातात घेतला. अंगठा बैठकीवर जाऊन बसला, आपल्या जागेवर. बाबांनी तोंड उघडलं.

त्यानंतर रोज मीच भरवलं. पुढे पुढे त्यांचे जबडे अवचित आवळायचे, चमचा दातांत अडकायचा, आणि मग सुटेपर्यंत आम्ही दोघं तसेच एकमेकांकडे बघत थांबायचो. ओढायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. कधी कधी त्या थांबण्यात आम्हांला हसूही यायचं. मग ते गिळेनासे झाले, मग नळी आली, मग एका सकाळी तीही लागेनाशी झाली.

सगळे येऊन गेल्यावर, घर रिकामं झाल्यावर, दादा कारखान्यात उतरला. मी हत्यारं पुसत होते. चमचाही तिथेच लेथशेजारी पडला होता, तो त्याने उचलला आणि खिडकीशी नेऊन फिरवला, बाबांसारखाच. मी म्हटलं, "काय बघतोस? सगळी माझीच बैठक आहे. बाबांचा हात त्याला लागलाच नाही. फार तर चार दिवस."

"दांडा नाही बघत," दादा म्हणाला.

तो वाटी बघत होता, त्याने स्वतः केलेली, मऊ प्लॅस्टिकची. तिच्या काठावर बारीक खाचा होत्या, वरून आणि खालून, अर्धगोलात. समोरच्या दोन दातांमधली फट बाबांना लहानपणापासून होती, तीसुद्धा तिथे होती.

"आठवण नसते म्हणायचे," दादा म्हणाला. त्याने वाटी अंगठ्याने चोळून बघितली, मग फडक्याने पुसून बघितली. खाचा गेल्या नाहीत. मग तो तिथेच भुशाच्या पोत्यावर बसला आणि जो इतके दिवस सगळ्यांना धीर देत फिरत होता तो लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला.

वर आईचा नुकताच डोळा लागला होता, आणि तिला लेथच्या आवाजाची सवय होती, दादाच्या रडण्याची नव्हती. मी उठून लेथ चालू केलं.